तीन वर्गांना पुरवलेला आवाज

मित्रांनो, कमरेला पट्ट्याने बांधायचा एक जुना स्पीकर तुमच्याशी बोलतो आहे. माझ्यापासून निघालेली काळी वायर बोलणाऱ्याच्या गालापर्यंत जाते आणि तिच्या टोकाला शेंगदाण्याएवढा माईक असतो. बोलणारा कितीही हळू बोलला तरी मी त्याचा आवाज मोठा करून लांब पोचवतो. माझ्या कारखान्यातली भावंडं कुठे फेरीवाल्यांबरोबर हिंडतात, कुठे प्रवाशांना जुन्या इमारती दाखवतात. मला मात्र शाळा मिळाली. तेव्हा मी फुशारून गेलो होतो. आज मला मान असती, तर ही गोष्ट सांगताना ती खाली घातली असती.

मला विकत आणलं ते शाळेच्या मुख्याध्यापकांनी. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. माणूस वाईट नव्हता. शाळा नीटनेटकी दिसली पाहिजे, कुठूनही तक्रार येता कामा नये, एवढाच त्यांचा ध्यास. आणि त्या ध्यासापायीच सगळं घडलं.

शाळेत शेजारी शेजारी तीन खोल्या होत्या. मधे सरकती लाकडी पार्टिशनं. मी येण्याआधी पहिल्या खोलीत गणिताच्या बाई शिकवायच्या, दुसरीत भाषा शिकवणारे सर. ते कविता चालीवर म्हणून घ्यायचे म्हणून मुलं त्यांना कविता सर म्हणायची. एके दिवशी शाळेच्या फाटकात एका वडिलांनी मार्कांवरून त्यांना वाटेल तसं बोलून घेतलं. मुलं बघत होती, शिपाई बघत होता. आतून कोणी बाहेर आलं नाही. कविता सर ती टर्म संपवून गेले आणि विमा विकू लागले. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, तेव्हा मोठ्या सरांनी पहिलं पार्टिशन सरकवलं आणि दोन्ही वर्ग गणिताच्या बाईंकडे दिले. थोड्याच दिवसांत बाईंचा घसा बसला. मग मला आणलं.

माझा मोठा समारंभ झाला. मैदानात सगळ्या शाळेसमोर मोठ्या सरांनी मला बाईंच्या हातात दिलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. बाईंना आभाराचं बोलायचं होतं, पण घशातून नुसती हवा आली. मुलं हसली, बाईही हसल्या.

बाई मला चार्जिंगसाठी कधी कधी घरी नेत. त्यांच्या आईने आयुष्यभर नर्सची नोकरी केलेली. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "दुखणं बरं करायचं सोडून आवाज तेवढा मोठा करून दिलाय."

मला राग आला होता. आता वाटतं, तेव्हा एवढं खरं बोलणारं त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं.

सुरुवातीचे दिवस छान गेले. बाईंचा आवाज दोन्ही खोल्यांच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा आणि त्यात माझा वाटा आहे म्हणून मी खूश. तेवढ्यात तिसऱ्या खोलीतल्या बाई नोकरी सोडून गेल्या. त्या अगदी नव्या होत्या, कॉलेजातून नुकत्याच आलेल्या. वर्ग कसा सांभाळायचा, दंगा करणाऱ्याशी काय बोलायचं, हे त्यांना कोणी दाखवलं नाही. पहिल्याच दिवशी खडू हातात दिला आणि दार ओढून घेतलं. त्या बाथरूममध्ये जाऊन रडून यायच्या आणि पुन्हा शिकवायच्या. वर्षसुद्धा पुरं झालं नाही.

मोठ्या सरांनी दुसरं पार्टिशनही सरकवलं. आता स्पीकर आहेच, असं ते म्हणाले. मी त्यांच्या ऑफिसातल्या बोर्डाला चार्जिंगला लावलेला होतो, तेव्हा शिक्षण खात्याच्या वरच्या कार्यालयातून फोन आला. मोठे सर आरामात टेकून म्हणाले, "आमच्याकडे काही अडचण नाही. सगळे वर्ग व्यवस्थित चालू आहेत." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. ते खोटं ज्याच्या बळावर बोललं गेलं, तो मी होतो.

तीन वर्गांची मुलं एका बाईंसमोर. त्यात गणवेशांची मापं घ्यायची, बुटांचे जोड मोजायचे, प्रत्येक वाटपाचे फोटो काढून पाठवायचे, हेही बाईंकडेच. आधी बाई बाकांमधून फिरायच्या, वाकून वह्या बघायच्या. आता बाकांमधून जायला वाटच उरली नव्हती. त्या फळ्याजवळ उभ्या राहून बोलत राहायच्या. मित्रांनो, मी बाईंचा आवाज मुलांपर्यंत नेत होतो, पण मुलांचा आवाज बाईंपर्यंत आणायची सोय माझ्यात नाही. कोणाला कळलं, कोण मागे पडलं, कोण कागदाची विमानं करतंय, त्यांना काही उमगेनासं झालं. नावंसुद्धा चुकू लागली.

त्या वर्गात एक मुलगी होती. गणित सोडवताना ती आकडे तोंडातल्या तोंडात बोलायची, म्हणून तिचं नाव पडलं पुटपुट. बाईंनीच ते लाडाने ठेवलेलं. एकच वर्ग होता तेव्हा बाई तिच्याशेजारी बसून ते पुटपुटणं ऐकायच्या आणि तिची वाट नेमकी कुठे चुकली ते त्यांना लगेच कळायचं.

एका दुपारी उकाडा होता, मागे आरडाओरडा चालला होता, आणि बाई तिसऱ्यांदा तेच उदाहरण समजावत होत्या. पुढच्या बाकावर पुटपुट आपल्या नादात आकडे बोलत होती. बाईंनी तिला उभं केलं. आणि माईकमधून, तिन्ही वर्गांना ऐकू जाईल असं, म्हणाल्या, "तुझं पुटपुटणं आधी बंद कर. असल्या डोक्यासाठी मी माझा घसा कशाला फोडू?"

तिन्ही वर्ग हसले. पुटपुट खाली बसली. तिने ओठ आत ओढून घट्ट मिटले आणि दिवसभर तसेच ठेवले.

ते शब्द मीच मोठे केले होते. बाईंनी ते माझ्यातून परत आलेले ऐकले आणि त्यांचा चेहरा उतरला. कोणीतरी परकी बाई आपल्या आवाजात बोलून गेली असावी, तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. उरलेला तास त्यांनी फळ्याकडे तोंड करून काढला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात आणून ठेवलं आणि नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. मोठे सर गडबडले. पगाराचं वरती बोलून बघतो, असं काहीसं म्हणाले.

"पगार कमीच आहे," बाई म्हणाल्या, "पण त्यासाठी नाही जात. सर, मला माझीच लाज वाटायला लागलीय."

दमल्या असाल, दोन दिवस विश्रांती घ्या, कोमट पाण्यात मध घ्या, असा सल्ला मोठ्या सरांनी दिला. बाई मुलांचा निरोप न घेताच गेल्या. वर्गावरून जाताना त्यांनी पाऊल उचललं ते घाईघाईने, तोंड लपवून.

आता तिन्ही वर्ग घेणार कोण? काही दिवस तसेच ढकलले आणि मग मोठ्या सरांनी मला स्वतःच्या कमरेला बांधलं. वर्गात उभं राहून त्यांना बरीच वर्षं झाली होती. ते अपूर्णांक शिकवायला लागले आणि थोड्याच वेळात घामाघूम झाले. मागची खोली आपल्या खेळात रंगली होती. त्यांनी पुढच्या बाकावरच्या पुटपुटला उभं करून उत्तर विचारलं. ती गप्प. घाबरू नकोस, बोल, असं ते माझ्यातून म्हणाले, तर ती माझ्याकडे बघून मागे सरकली.

शेजारची मुलगी म्हणाली, "सर, ती आता गणिताच्या तासाला तोंडच उघडत नाही." आणि काय झालं होतं तेही तिने सांगून टाकलं.

मोठे सर खुर्चीवर बसले. शाळा सुटेपर्यंत मुलांना गणितं घालून तसेच बसून राहिले. मग मला कमरेवरून सोडायचं भान न राहून तडक बाहेर पडले.

एव्हाना बाई गाद्यांच्या एका मोठ्या दुकानात नोकरीला लागल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या एका म्हाताऱ्या जोडप्याला मऊ गादी आणि कडक गादी यातला फरक सांगत होत्या. आवाज स्वच्छ, शांत. मोठे सर एका पलंगाच्या कडेला अवघडून टेकले, वायर दुमडली आणि मी कर्कश किंचाळलो. सगळं दुकान वळून बघायला लागलं. बाई लगबगीने आल्या आणि सवयीने हात पुढे करून त्यांनी माझं बटण बंद केलं. मग दोघंही ओशाळले.

"परत या म्हणायला आलो नाही," मोठे सर म्हणाले. "ते म्हणायला तोंड नाही मला. तुम्ही राहावं म्हणून मी काय करायला हवं होतं, एवढंच विचारायला आलोय."

"हे मी जाण्याआधी विचारायचं होतंत."

मग पलंगावरची चादर सारखी करत करत त्या बोलत गेल्या. बुटांचे जोड मोजायला बाई कशाला लागते, हे त्यांनी विचारलं. त्या नव्या बाईंना आधी कोणाच्या तरी वर्गात बसून शिकू द्यायचं होतं, म्हणाल्या. आपल्याकडे माणसं नाहीत हे वर कधी कळवलंत का, या प्रश्नावर मोठ्या सरांनी मान खाली घातली. आपला वर्ग आपल्याला ऐकू येत नाही, याचा त्रास घशाच्या दुखण्याहून मोठा होता, असं त्या शेवटी म्हणाल्या.

"इथे एका वेळी माझ्यासमोर एकच गिऱ्हाईक असतं, सर. गादी विकताना मी कोणाचा अपमान केलेला नाही."

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी दोन्ही पार्टिशनं ओढून लावली. एका वर्गावर ते स्वतः उभे राहिले. उरलेल्या दोन वर्गांचे बाक त्यांनी मुलांसकट मैदानात, रस्त्यावरून दिसतील असे मांडले, आणि शिपाईदादांना लक्ष ठेवायला बसवलं. जाणारे येणारे थांबून बघू लागले. वरच्या कार्यालयातून फोन आला. "अडचण आहे," मोठे सर म्हणाले, "आणि ती आजची नाही. मी इतके दिवस पांघरूण घातलं होतं." पलीकडचे साहेब बराच वेळ बोलले. मोठे सर फक्त हो म्हणत राहिले, पण बाक काही आत घेतले नाहीत.

मग पालकांची सभा झाली. मी टेबलावर होतो, पण सरांनी मला हात लावला नाही. मुलांचं गणित जवळजवळ बुडालं आहे आणि हे आपण झाकून ठेवलं, असं त्यांनी सरळ सांगितलं. एक वडील तावातावाने उठले. हे नुकसान कोण भरून देणार, असं त्यांनी विचारलं. ते फाटकातलेच वडील होते.

"तुम्ही कविता सरांवर ओरडत होतात, तेव्हा मी खिडकीत उभा होतो," मोठे सर म्हणाले. "मी बाहेर यायला हवं होतं. आणि तुम्ही ओरडायला नको होतं."

ते वडील खाली बसले आणि सभा संपेपर्यंत आपल्या बुटांकडे बघत राहिले. पण दुसऱ्या दिवशी वरच्या कार्यालयात जाऊन बसणाऱ्या पालकांमध्ये तेच पुढे होते. पालक रोज जात राहिले. त्या साहेबांनाही पालकांना शिक्षकांचे आकडे दाखवताना कानकोंडं व्हायला लागलं. अखेर दोन नवीन शिक्षक आले आणि एक कारकून आला. गणवेश आणि बूट आता तो बघतो, मदतीला मुलांच्या काही आया येतात. नवीन माणसाने पहिले काही महिने अनुभवी शिक्षकाच्या वर्गात बसायचं, असं ठरलं. कविता सरांनाही बोलावणं गेलं, पण ते आले नाहीत. आता रात्री झोप लागते, असा त्यांचा निरोप आला.

गणिताच्या बाई मात्र नव्या वर्षी परत आल्या. एकच वर्ग घेईन, एवढंच त्यांनी आधी कबूल करून घेतलं होतं. पण पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच दोन्ही पार्टिशनं सरकवायला लावली. अपमान तीन वर्गांसमोर झाला, तर माफीही तीन वर्गांसमोर मागायची, असं त्यांचं म्हणणं. लागलाच तर म्हणून मोठ्या सरांनी मला पुढे केलं. बाईंनी मला बाजूला ठेवलं.

"मी तुला बोलले ते चुकीचं होतं," त्या पुटपुटकडे बघून म्हणाल्या. "तुझं डोकं चांगलं आहे. माझं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं."

खोल्या इतक्या शांत होत्या, की बाईंना आवाज चढवावा लागला नाही. पुटपुट उभी राहिली. तिने फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "पण बाई, मला अजून भीती वाटते."

"वाटू दे. मी थांबेन," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांनी ते लपवले नाहीत. मग पार्टिशनं पुन्हा लागली.

पुटपुटची भीती पुढे गेली की नाही, मला ठाऊक नाही. त्याच दिवशी मला ऑफिसच्या कपाटात ठेवलं. माझ्या पट्ट्याचं रबर सैल पडलं आहे, बॅटरी धरत नाही. कधी शिपाईदादा दार उघडतात तेव्हा तेवढी हवा लागते.

मित्रांनो, तुम्ही मला घासूनपुसून ठेवा असं मी सांगणार नाही. तुमच्या बाईंचा, सरांचा आवाज बसलेला दिसला, तर माझ्यासारखं यंत्र आणून टाळ्या वाजवू नका. घरी जाऊन आईबाबांना सांगा. बाईंकडे किती मुलं आहेत, शिकवण्याशिवाय त्यांना काय काय करावं लागतं, हे आईबाबांना शाळेत येऊन विचारू द्या. नवीन सर आले, तर पहिले काही दिवस त्यांना सांभाळून घ्या. शिकवणारं माणूस शाळा सोडून जातं तेव्हा एकट्याने मान खाली घालून जातं, आणि खरं तर ती लाज आपल्या सगळ्यांची असते. मला या कपाटात काही दुःख नाही. उद्या कोणी मला पुन्हा बाहेर काढायला निघालं, तर मात्र समजा की शाळेत काहीतरी बिनसलं आहे.