मुद्देमाल क्रमांक सत्त्याऐंशी

शिपाई दशरथ नैतामचा डावा हात सोमवारी दुपारी मुद्देमालात जमा झाला. मिरवणुकीच्या बंदोबस्तात दगड लागून तो मनगटापासून निखळला होता, आणि पंचांनी दगडासोबत तोही उचलून आणला. रक्त नव्हतं. हात गरम होता. मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदार शालिनी बोरकुटेने तो काट्यावर ठेवला. चारशे बारा ग्रॅम. तिने तो पांढऱ्या कापडात गुंडाळला, सुतळीची पहिली गाठ मारली आणि समोर उभ्या नैतामला म्हणाली, "बोट ठेव."

त्याने उजव्या हाताचं बोट गाठीवर दाबून धरलं. तिने दुसरी गाठ मारली.

"काढ आता. लाख ओततेय, भाजेल."

"परत कधी भेटंल, ताई?"

"कोर्टाचा आदेश आला की."

"पण हात माह्याच हाय ना?"

"आता पुरावा आहे."

तिच्या खोलीत असं बरंच होतं. एका फौजदाराची झोप बरणीत होती, तिला पाच वर्षं झाली. वाघाडे जमादारांचा कान कोर्टाची वाट पाहत राहिला आणि ते मागच्या पोळ्याला निवृत्त झाले. जाताना कपाटाशी येऊन कानात काहीतरी बोलून गेले.

नैताम रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा. पुडक्यावर बोटाने टकटक करायचा. आतून टकटक यायची. गुरुवारी तो म्हणाला, "शनिवारी पोरीचं बारसं हाय, ताई. अजून उचललं नाही मी तिले. आधी बंदोबस्त, आता बायको देतच नाही. म्हणते, एका हातानं पाडसान. एक दिवस देऊन द्या ना."

"ठाणेदार साहेब रोज सहाला वजन करतात."

"त्याच्या आत आणून देतो."

शालिनीने पुडक्यावरचं सील अंगठ्याने चाचपलं. अठरा वर्षांत तिने एकही सील तोडलं नव्हतं.

शनिवारी सकाळी तिने ते तोडलं. नैतामचा हात त्याला दिला, तो मनगटावर चपखल बसला. मग घट्ट बांगडी काढताना लावतात तसा साबण लावून तिने स्वतःचा डावा हात सोडवला. तीनशे एकाहत्तर ग्रॅम. काढून ठेवलेलं घड्याळ तिने त्यावर परत चढवलं. चारशे बारा.

"बोट ठेव," ती म्हणाली, आणि सुतळीचं एक टोक दातात धरलं.

"तुमाले दुखते का, ताई?"

"सहाच्या आत ये."

दोन वाजता वायरलेस बोलायला लागला. बसस्थानकाजवळ जमाव, दगडफेक, रजेवरच्यांनीही हजर व्हावं. शालिनीने हळूहळू घोगरा होत जाणारा तो आवाज ऐकला. अडीचला आवाज म्हणाला, "नैताम पोचला." त्यानंतर त्याने कुणाचंच नाव घेतलं नाही.

साडेपाचला वाघाडेंच्या जागी आलेला जमादार दारात आला. धुळीने त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. त्याने टेबलावर एक पुडकं ठेवलं.

"नैताम कुठाय?"

"एवढंच भेटलं," तो म्हणाला आणि बाकावर बसून बूट सोडू लागला.

आत दोन्ही हात होते. तळवे वर, बोटांना हळद, मध्ये बारा दिवसांच्या बाळाएवढी पोकळी. ते संथपणे झुलत होते. तिने ते काट्यावर ठेवले. दोन हातांचे आठशे चोवीस तिने मनात धरले होते. काट्याने तीन किलो आठशे चोवीस दाखवलं. तिने तेवढंच लेबलावर लिहिलं.

कपाटात तिच्या पुडक्यातलं घड्याळ टिकटिकत होतं. व्हरांड्यात ठाणेदारांचे बूट वाजले. तिने पळीत लाख ठेवून बत्ती पेटवली, हात कापडात गुंडाळले, सुतळी दातात धरून पहिली गाठ मारली. गाठ सुटली. पुन्हा मारली. पुन्हा सुटली.

तिसऱ्यांदा मारली तेव्हा कापडाची घडी हलली. आतून हळद लागलेलं एक बोट बाहेर आलं आणि गाठीवर टेकलं.

तिने दुसरी गाठ मारली.

"काढ आता," ती म्हणाली.

लाख वितळली होती. बोट हललं नाही.