अकरा टाक्यांचा चहा

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी मालनचं स्वयंपाकघर बाजाराइतकं लांब गेलं.

दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा ते जागच्या जागी होतं, पलंगापासून चौदा पावलांवर. तिची गर्भपिशवी काढली होती. पोटावर अकरा टाके. डॉक्टरांनी बजावलं होतं, नुसतं पडून राहायचं, बाराव्या दिवशी टाके आम्हीच काढू. मालन पडूनच होती, पण तोंड कुठं पडून राहतं? जयसिंगपूरच्या मामी तिला बघायला आल्या, खुर्चीत टेकतायत न टेकतायत तोच ती म्हणून गेली, "चहा घेऊनच जावा हं." बत्तीस वर्षांची सवय. बोलल्याबरोबर स्वयंपाकघर मागं सरकलं. मग रोज कुणी ना कुणी बघायला येत राहिलं, आणि दर चहागणिक ते आणखी लांब गेलं.

"स्वयंपाकघर लांब चाललंय," तिनं नवऱ्याला सांगितलं.

भूपालरावांनी पेपर खाली घेऊन घरातल्या बोळाकडं पाहिलं. "होय की," ते म्हणाले. "आजारपणात व्हायचंच असं. मंडळी बसल्यात, बघ जरा." भूपालराव स्वभावानं लाख माणूस, फक्त घरात चहाची पत्ती कुठं असते हे त्यांना अजून सापडायचं होतं.

त्या दिवशी परत येताना ती चुकली. बोळात देव्हारा दोनदा लागला, लग्नाचा फोटो तीनदा. ट्रे घेऊन ती अर्धा दिवस हिंडली. पोचली तेव्हा पाहुणे उठून गेले होते, आणि जाताना, मालनला हल्ली माणसं नकोशी झाल्यात, असं बोलूनही गेले होते. ते तिला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी एका टाक्याचं टोक सुटून वर आलेलं दिसलं. तिनं ते पलंगाच्या पायाला बांधलं आणि निघाली. टाका सुरसुरत उसवत आला. दुखलं नाही, पोटात जरा वारा शिरला इतकंच. परतताना दोरा मनगटावर गुंडाळत ती बरोबर पलंगाशी पोचली. चहा गरम होता. पुढच्या खेपेला मात्र तेवढा दोरा पुरेना, म्हणून त्याला दुसऱ्या टाक्याचा जोडला. मग तिसऱ्याचा. लोक येत होते, शहाळी ठेवत होते, आपापली ऑपरेशनं सांगत होते आणि कपबशी वाजवत होते.

दहाव्या दिवशी तिच्या पोटावर एकच टाका उरला.

तो गेला तर पोट उघडं पडणार, हे तिला कळत होतं. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षाही शीण आला होता. तिनं ठरवलं, आज कुणीही येवो, चहाचं नाव काढायचं नाही.

दुपारी वन्सं आल्या, भूपालरावांची थोरली बहीण. चाळीस वर्षं गावाची पोलकी शिवलेली बाई. आल्या आल्या मालनच्या उशीवरचा एक दोरा त्यांनी चिमटीत उचलून खिडकीबाहेर टाकला. मालननं ओठ घट्ट मिटले. वन्सं गुडघ्याचं बोलल्या, सुनेचं बोलल्या. मालन नुसती मान हलवत राहिली. वन्सं पदर सावरून उठायला लागल्या. मालनचा जीव भांड्यात पडला.

"अक्का, असं कसं?" भूपालराव म्हणाले. "चहा घेऊनच जा."

बोळाच्या टोकाला स्वयंपाकघराचा दरवाजा बारीक होत गेला.

"कशाला, पडू दे तिला," म्हणत वन्सं पलंगावर मांडी घालून बसल्या. "आलं घालतीस काय गं थोडं?"

मालननं दोरा पलंगाला बांधला आणि चालायला लागली. पहिल्या देव्हाऱ्याला तिनं हात जोडले, दुसऱ्याला नुसती मान लववली. तिसऱ्याला तेही नाही. ओट्याशी पोचली तेव्हा दोरा ताणलेला होता आणि शेवटचा टाका अर्धाच उसवला होता. अर्धा पुरेल, तिला वाटलं. गेल्या दहा दिवसांत तिला पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं. तिनं आलं ठेचलं, चहा गाळला, तीन कप भरले आणि ट्रे उचलला.

तेव्हा फार लांबून वन्संचा आवाज आला.

"हे काय रे भूपाल, पलंगाला दोरा लोंबतोय? बरं दिसतंय काय?"

वन्संना कात्री कधी लागली नव्हती. त्या दोरा दातानंच तोडत.

"वन्सं, राहू द्या तो," मालन म्हणाली. आवाज तिसऱ्या देव्हाऱ्यापलीकडं गेला नाही.

ताणलेला दोरा सैल झाला. उरलेला अर्धा टाका आपला आपण निसटला आणि पोटात वारा शिरला. समोरच्या बोळाला आता चार तोंडं होती. चहावर साय धरत होती. एक हात पोटावर धरायला हवा होता, आणि ट्रेला दोन्ही लागत होते.