इद्वलची तार

खुर्ची जरा पुढे ओढा. ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी नाही, पण ऐकलीत की प्लग काढलेल्या यंत्राकडेही तुम्ही पूर्वीसारखं बघणार नाही.

आमचं बेथानिया चॅपेल, म्हणजे गावचं प्रार्थनामंदिर, बंद होणार होतं; शेवटची उपासना त्या रविवारी होती. प्रवचनाला म्हातारे प्रिद्देर्खसाहेब येणार होते. शेवटाकडे बोलणं सोडून सुरावर चढणारे असे प्रवचनकार आता वेल्समध्येही फार उरले नाहीत. त्यांच्यासाठी मी दहा मैल चालत गेलो असतो. पण त्याआधी शेजारच्या इद्वल प्यूने घरी बांधलेला रेडिओचा ट्रान्समीटर दुरुस्त करून चॅपेलच्या सभागृहात मांडायचा होता. इद्वल वसंतात वारला; त्याची आठवण म्हणून हे सगळं. त्याची बायको टेग्वेन मला म्हणाली, "मायरिग, एकदा पेटलेला बघू दे रे. मग मी डोळे मिटायला मोकळी."

आत तेल भरलेले चार कपॅसिटर होते, म्हणजे वीज कोंडून ठेवणारे पत्र्याचे डबे, तीन हजार व्होल्टचे. इद्वलचा धाकटा भाऊ अशाच एका डब्याने गेला, तेव्हा काढलेला प्लग त्याच्याच हातात होता. तेव्हापासून इद्वलचा नेम होता. डावा हात खिशात, म्हणजे वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जात नाही. लाकडी दांडीच्या आकड्याने कोंडलेल्या विजेचा साठा सोडवायचा, मीटरवर शून्य बघायचं, आणि तरीही दोन्ही टोकांना एक तार अडकवून ठेवायची.

"येशूने हाक मारली तेव्हा लाजर कबरीतून चार दिवसांनी उठला," तो म्हणे. "हे डबे शून्यावर आणले तरी चार मिनिटांत आपोआप उठतात. यांना हाक मारायलाही कुणी लागत नाही."

शुक्रवारी दुपारी टेग्वेनच्या घरी मी ट्रान्समीटर चालू केला. काचेच्या नळ्यांत निळा उजेड थरथरला. टेग्वेनने खांद्यावरची शाल घट्ट ओढली. मी प्लग काढला, साठा सोडवला, काटा शून्यावर आला. एका डब्याच्या शिवणीतून तेल पाझरलेलं दिसलं. ते जुनं तेल विषारी, म्हणून हातमोजे घालून मी त्याच्या जोडण्या सोडवल्या. त्याच्या टोकांवर मीटर आणि तार तेवढी जोडलेली ठेवली आणि हात धुवायला आत गेलो.

परत आलो तर प्लग टेबलावर होता. शेजारी तारेची नीट गुंडाळी होती. आणि मीटरचा काटा चढत होता. झटक्याने नाही, झोपेतला माणूस कोपर टेकून उठतो, तसा. शंभर. दीडशे. दोनशे.

"आंटी, तार का काढली?"

"ती गंजकी? चॅपेलमध्ये जायचंय त्याला. लग्नाच्या कोटाला सुतळी बांधतोस का तू?" तिच्या हातात ओलं फडकं होतं. "आणि ही पितळी टोकं बघ, तुझ्या कानांपेक्षा मळलीत."

फडकं टोकांकडे निघालं. ओरडलो असतो तर दचकून तिचा हात तिथेच टेकला असता. मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते हळू, जवळजवळ गुणगुणत:

"टेग, हात खिशात."

तिला टेग म्हणणारा एकच माणूस होता. मी कधी म्हटलं नव्हतं. तिचा हात फडक्यासकट एप्रनच्या खिशात गेला. मी दांडीचा आकडा टोकांना टेकवला. काडकन निळी ठिणगी उडाली आणि काटा पडला.

तिने विचारलं, "ते तूच बोललास ना?"

"मीच."

"आवाज तुझा नव्हता," ती म्हणाली, आणि तार स्वतः उचलून माझ्या हातात दिली.

रविवारी ट्रान्समीटर न पेटवता मांडला, चारही डब्यांवर गंजक्या तारा तशाच ठेवून. प्रिद्देर्खसाहेब सुरावर चढले, खिडक्यांच्या काचा घुमल्या, सगळ्यांचे हात जोडलेले. टेग्वेनचा मात्र एक हात कोटाच्या खिशात होता.

तुम्ही कधी जुना रेडिओ उघडलात, तर शून्य दिसल्यावरही थोडं थांबा, पुन्हा बघा, तार काढू नका. आणि तेवढ्या थांबण्यात इद्वल प्यूची आठवण काढा.