रिंगमधला गोल सूर्य

आमच्या भरतकामाच्या कारखान्यातून तीस वर्षांत एकही तुकडा परत आला नव्हता. ही फुशारकी नव्हे. फुशारकी मारायचीच झाली तर माझ्याकडे आणखी बरंच आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीशी पायमशीन लावून मी रुमाल भरायला बसले होते, आज खालच्या मजल्यावर सहा हेडचं कॉम्प्युटर मशीन धडधडतं. सहा डोकी, नव्वद सुया आणि अक्कल एकाही डोक्यात नाही. ती आपल्याला घालावी लागते.

घालते सूनबाई. आमच्या धंद्यात त्याला पंचिंग म्हणतात. चित्र कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि सुईने कुठून निघून कुठे जायचं, टाका आडवा की तिरका, धागा कुठे तोडायचा, हे सगळं मशीनला आधीच सांगून ठेवायचं. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेव्हा त्या पडद्याशी माझं फारसं बोलणं नाही. माझं राज्य रिंगवर. रिंग म्हणजे एकीत एक बसणाऱ्या दोन चौकटी. त्यांच्यामधे कापड आणि खाली कडक बकरम धरायचा, स्क्रू आवळायचा आणि मग रिंग मशीनवर चढवायची. माझा नियम एकच होता. कापड असं ताणायचं की नखाने टिचकी मारली तर ढोल वाजला पाहिजे. रिंगा लावणारी आमची बाई अठरा वर्षं हेच करत आली. तिचं खरं नाव आता तिलाही आठवावं लागत असेल, सगळे तिला टिचकीच म्हणतात.

तर पोहण्याच्या एका क्लबचं काम आलं. तीनशे टी-शर्ट, छातीवर केशरी सूर्य. आधी एक नमुना द्यायचा, तो पसंत पडला तर पुढचं काम. नमुन्याची रिंग मी स्वतः लावली. सूर्य भरून झाला तशी माझ्या बटणांच्या डबीचं झाकण त्याच्यावर ठेवून पाहिलं. फूटपट्टीवरचे बारीक आकडे मला दिसत नाहीत, आणि दिसत होते तेव्हा कळत नव्हते. पण झाकण खोटं बोलत नाही. सूर्य झाकणाखाली तंतोतंत बसला. टिचकीने रिंग सोडली, इस्त्री केली, मुलगा जाऊन देऊन आला.

तिसऱ्या दिवशी नमुना परत.

क्लबच्या बाईंचा फोन आला. बोलायला गोड, पण ऐकून घाम फुटेल अशा. "आमच्या सूर्याचं अंडं झालंय हो. आणि भोवतीचं कापड चुण्या पडून गोळा झालंय. गुरुवारी मी त्या भागात येणार आहे. तोवर नीट नमुना झाला तर ठीक, नाहीतर मागच्या गल्लीतल्या मोठ्या कारखान्याला देते."

फोन कानाशी धरूनच मी टी-शर्ट टेबलावर पसरला. खरंच अंडं होतं. उभं, नुकतंच घातल्यासारखं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या सुनेचं पंचिंग चुकलंय. मी बघते तिच्याकडे."

सूनबाई चार हातांवर बसली होती. तिने मान वर केली नाही.

फोन ठेवल्यावर मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. "दाखव तुझा सूर्य."

तिने पडद्यावर आणला. मी बघतच राहिले. तो तिथेच गोल नव्हता. आडवा, कुणी वरून बसल्यासारखा चपटा.

"हे काय? इथेच अंडं घातलंयस."

"आई, ते मुद्दाम आहे. टाके आडवे जातात. धागा कापडाला दोन्ही बाजूंनी आत ओढतो. तेवढं आधी धरून बाजूंना जास्त दिलंय. भरला की गोल होतो."

"भरला की गोल होतो. आणि तो टेबलावर पडलाय तो काय आहे?"

"तो उभा आहे. माझा आडवा आहे."

"अंडं आडवं असो की उभं, आमलेट एकच होतं."

टिचकी फिसकन हसली. सूनबाई हसली नाही. दोन दिवसांत तिने तीनदा पंचिंग बदललं. एकदा बाजूंना कमी, एकदा जास्त, एकदा टाके तिरके. दर वेळी मी ढोल वाजवून रिंग लावली, दर वेळी रिंगमधे झाकण लावून मोजलं आणि दर वेळी रिंगमधून काढल्यावर काहीतरी वेगळंच निघालं. एक तर बटाटाच. तिचं जेवण कमी झालं, माझं बोलणं वाढलं.

बुधवारी सकाळी ती खाली आली ती कॉम्प्युटरकडे गेलीच नाही. कोरा टी-शर्ट घेतला आणि माझ्यासमोर ठेवला.

"आई, तुम्ही नेहमी लावता तशी रिंग लावा."

"मशीनवर काय चढवणार?"

"काही नाही. फक्त लावा."

मी लावली. टिचकी मारली, ढोल वाजला. मग तिने माझी बटणांची डबी उघडली, झाकण माझ्या हातात दिलं आणि कापडावर खूण करायचा खडू पुढे केला. "आता झाकणाभोवती गोल काढा."

मी काढला. हात अजून कापत नाही माझा, गोल म्हणजे गोल.

"स्क्रू सोडा."

सोडला. कापड रिंगमधून निघालं, आणि बाजूंनी हळूच आत सरकलं. माझ्याच हाताने, माझ्याच झाकणाने काढलेला गोल माझ्या डोळ्यांदेखत उभा झाला. अंडं. ना सुई लागली होती, ना धागा, ना सूनबाईचं पंचिंग. मशीनचा तर दिवासुद्धा लागला नव्हता.

मी गप्प बसले. इतकी, की टिचकीने कोपऱ्यातून विचारलं, "मावशी, लाइट गेली का?"

सूनबाईने एवढंच म्हटलं, "आपण आजवर चादरी भरल्या, डॉक्टरांचे कोट भरले, पिशव्या भरल्या. ते कापड कितीही ओढलं तरी ताणलं जात नाही. हे स्वेटरसारखं विणलेलं आहे, आडवं तर रबरच. ताणून भरलं की सोडल्यावर आपल्या जागी परत जातं, आणि जाताना सूर्यालाही घेऊन जातं."

"हे तुला दोन दिवसांपूर्वी कळलं नव्हतं?"

"संशय होता. पण तुमच्या रिंगला कोण नावं ठेवणार?"

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं की कौतुक म्हणून, ते मी अजून ठरवलेलं नाही.

मग नवी रीत सुरू झाली. रिंगमधे फक्त बकरम आवळायचा, तो ढोलासारखा वाजला तरी चालेल. त्याच्यावर चिकट फवारा मारायचा आणि टी-शर्ट नुसता वर अंथरायचा. ओढायचं नाही, दाबायचं नाही, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालतो तसं. भोवतीने मशीननेच सैल धावदोरा घालायचा म्हणजे कापड हलत नाही, तो नंतर उसवायचा. मशीनही हळू चालवायचं.

ऐकायला सोपं. पण माझ्या हातांना कोण सांगणार? मी कापड अंथरलं आणि बोटांनी आपोआप कडा धरून बाहेर ओढली. तीस वर्षांची खोड. भरून झालं, काढलं, परत अंडं. आधीपेक्षा लहान, कोंबडीऐवजी कबुतराचं.

"टिचकीला करू दे का?" सूनबाईने विचारलं.

"माझ्या हाताने बिघडलंय, माझ्याच हाताने नीट होईल. ती लाकडी पट्टी घे. मी ओढलं की मार."

"आई, काहीतरीच काय."

"मार म्हटलं ना. शाळेत मास्तर मारायचे ते मी तिसरीत सोडून आले, तेवढं शिक्षण राहिलंय."

पहिल्यांदा तिने पट्टी नुसती टेकवली. मी म्हटलं, हे काय, माशी हाकलतेस का? दुसऱ्यांदा बरी लागली. तिसऱ्यांदा तर चांगलीच, त्यात ते दोन दिवसही आले असावेत. भर कारखान्यात सून सासूला पट्टीने मारतेय आणि सासू म्हणतेय, हं, आणखी एकदा. टिचकी तोंडात पदर कोंबून धाग्यांच्या कपाटामागे गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पाचव्या खेपेला बोटं थांबली. कापड पडलं तसं पडून राहिलं. मी विचारलं, "आता कुठलं पंचिंग लावतेस? तिसरं की चौथं?"

"पहिलंच," ती म्हणाली.

सूर्य भरला. या वेळी रिंगमधे मी झाकण लावलं नाही. टी-शर्ट काढला, धावदोरा उसवला, मागचा बकरम कापला, कापड झटकलं, दोन्ही बाजूंनी ओढून सोडलं, पाण्यातून काढून पिळून वाळवलं. मग झाकण ठेवलं. सगळीकडून सारखं. भोवती एक चुणी नाही.

गुरुवारी क्लबच्या बाई आल्या. त्यांनीही टी-शर्ट ओढला, सोडला, उजेडात धरला, उलटा करून मागचे टाके पाहिले. माणूस जाणकार होतं. मग सूनबाईकडे बघून न बघितल्यासारखं करत मला म्हणाल्या, "छान झालं. पंचिंगला दुसरं कुणी ठेवलंत वाटतं?"

सूनबाई मशीनवर धाग्याची रिळं लावत होती. हात थांबला तिचा. हो म्हणून विषय संपवता आला असता, काम तर मिळालंच होतं.

"दुसरं कशाला?" मी म्हटलं. "पंचिंग हिचंच आहे, पहिल्या दिवसाचं. त्यातला एक टाकाही बदललेला नाही. कापड मी ताणलं होतं. फोनवर मी हिचं नाव घेतलं, ते चुकीचं घेतलं."

बाई जरा गोंधळल्या. "अहो, होतं असं."

"आमच्याकडे होत नाही. तीस वर्षांत एकदाच झालंय. तीनशे तुम्हाला असेच मिळतील, गोल. आणि सूर्याबद्दल काही विचारायचं असेल तर यापुढे हिला फोन करा. मला गोल काढता येतो, पण आधी आडवा का काढायचा ते हिलाच कळतं."

बाई गेल्यावर सूनबाई परत आलेला तो पहिला टी-शर्ट चिंध्यांच्या पोत्यात टाकायला निघाली. मी तिच्या हातातून घेतला आणि मशीनच्या वर, दारातून शिरल्याबरोबर दिसेल असा खिळ्याला टांगला.

"आई, लोक विचारतील ना."

"विचारू देत. सांगायचं, या कारखान्यातून परत आलेला हा एकच तुकडा, आणि तोसुद्धा मालकिणीच्या हातचा. इथे दुसऱ्या कुणाची तेवढी हिंमत नाही."

मग टिचकीला हाक मारली, तिला रिंग आणि कोऱ्या टी-शर्टासमोर बसवलं आणि लाकडी पट्टी सूनबाईच्या हातात दिली.