वाक्यात चुली किती?

बाभुळगावपासून दोन कोसांवरच्या तांड्यात त्या वर्षी माणसांपेक्षा कापसानेच अधिक जागा अडवली होती. भाव पडलेला, आज चढेल, उद्या चढेल या आशेने लोकांनी वेचलेला कापूस घरात भरला आणि स्वतः संसारासह अंगणात येऊन राहिले. बिजलीबाईंच्या घराचे दोन्ही खण आढ्यापर्यंत भरले होते. त्यामुळे बाभुळगावचे सेवानिवृत्त संस्कृत शिक्षक त्र्यंबकशास्त्री यांना इंग्रजी व्याकरणाचे अध्यापन कडुनिंबाखाली, खाटेवर बसून करावे लागे.

संस्कृताच्या अध्यापकाने इंग्रजी शिकवावे, हा योग बिजलीबाईंनीच जुळवून आणला होता. त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. दहावी उत्तीर्ण झाल्या, तर सेविकेच्या रिकाम्या जागेसाठी त्यांना अर्ज करता येणार होता. बाकी सारे विषय सुटले होते. इंग्रजी मात्र दोनदा आडवे आले. सासू सोनीबाई यांनी निर्वाणीचे सांगून टाकले होते, "हे तिसरी खेप. यंदा नाही निंगाली तं पुस्तकं रद्दीत."

शास्त्रीबुवांनी प्रथम नम्रपणे नकार दिला. "बाई, माझा विषय देववाणी."

"दोन्ही भाषा आमच्या तांड्यात कोनीच बोलत नाही, गुरुजी," बिजलीबाई म्हणाल्या. "मंग फरक काय पडते?"

शास्त्रीबुवांना हा युक्तिवाद पटला. दुसऱ्या दिवसापासून त्यांची सायकल तांड्यात येऊ लागली.

पहिल्याच दिवशी त्यांनी वाक्यांचे प्रकार काढले. "केवल वाक्याला इंग्रजीत सिंपल म्हणतात आणि संयुक्त वाक्याला कंपाऊंड."

"ते मालूम हाय मले. त्याच्यातच तं मार खाल्ला. लंबं वाक्य दिसलं का कंपाऊंड लिहिलं, छोटं दिसलं का सिंपल."

"ते का बरे?"

"आता दोन हात जागेले कोनी कंपाऊंड घालते काय, गुरुजी? मोठ्या जागेलेच घालते ना!"

शास्त्रीबुवा इतके हसले की खाट करकरली. मग डोळे पुसून त्यांनी समजावले, की हे कंपाऊंड भिंतीचे नव्हे. येथे दोन पूर्ण वाक्ये एकत्र येतात आणि 'अँड', 'बट', 'ऑर' ही अव्यये त्यांना जोडतात.

बिजलीबाईंनी हे वचन नको इतके घट्ट धरले. पुढचे आठ दिवस जेथे 'अँड' दिसेल तेथे त्या डोळे मिटून कंपाऊंड लिहू लागल्या. एके दिवशी शास्त्रीबुवांनी वाक्य घातले, 'अय्यूब अँड इमरान रिपेअर द पंप.' अय्यूब आणि इमरान हे पितापुत्र पंचक्रोशीतले पंप दुरुस्त करीत, म्हणून हे उदाहरण. उत्तर आले, "कंपाऊंड!"

"नव्हे. केवल वाक्य."

"अन् तं हाय ना मधात!"

"आहे, परंतु ते दोन नावांना जोडते, दोन वाक्यांना नव्हे. द्वंद्व समासात ज्याप्रमाणे..."

"गुरुजी, इंग्रजीच गळ्याखाली उतरून नाही राह्यली, त्याच्यात तुमी संस्कृत कायले कालवता?"

शास्त्रीबुवांनी द्वंद्व समास सोडून दिला. परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. नियम त्यांना कंठस्थ होता. पण कंठातून निघून तो दुसऱ्याच्या मनात कसा उतरवावा, हे सुचेना. विषय बदलावा म्हणून त्यांनी सहज विचारले, "अंगणात स्वयंपाक दोन ठिकाणी कसा? कुटुंब एकच ना तुमचे?"

तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या सोनीबाई फणकारल्या. "एक कुठचं? धाकली सून चंदा दिवाळीले अलग झाली. अंगन एक, पानी एक, पन चुली दोन. राशनकार्डवाला मानसं पाहून घरं नाही मोजत गुरुजी, चुली मोजते."

शास्त्रीबुवा ताडकन उठून उभे राहिले. "बिजलीबाई, वाक्यातल्या चुली मोजा! क्रियापद ही चूल, कर्ता हा तिचा धनी!"

बिजलीबाईंनी वही जवळ ओढली. ओठ हलले. "अय्यूबचाचा अन् इमरान... रिपेअर एकच. दोघं एका चुलीवर जेवून राह्यले. सिंपल!"

"आणि 'अय्यूब रिपेअर्स द पंप अँड इमरान ड्रिंक्स टी'?"

"इमराननं चूल वेगळी मांडली. कंपाऊंड! अन् हे तं खरंच हाय, गुरुजी. तो नुसता चाहाच पेते."

मग शास्त्रीबुवांनी दोन ओळींचे एक वाक्य रचले. त्यात केळापूरचा म्हातारा शेतकरी, त्याचे दोन पांढरे बैल आणि दुकानामागचे मोठे झाड, सारे आले. बिजलीबाई त्याच्यावरून बोट फिरवत शेवटापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "बारदाना लय हाय, पन चूल एकच. सिंपल."

परीक्षा देऊन त्या थेट शास्त्रीबुवांच्या ओसरीवर आल्या.

"पाच वाक्यं होती. चार भरकन झाली. पाचव्यानं घाम काढला. 'हरी अप ऑर यू विल मिस द बस.'"

"घाई कर, नाहीतर तुझी बस चुकेल," शास्त्रीबुवा पुटपुटले. हा प्रकार शिकवायचा त्यांच्याकडून राहूनच गेला होता.

"'ऑर'च्या अलीकडं चूल हाय, हरी अप. पन धनीच नाही! बिनधन्याची चूल कशी पेटन? लय येळ पाह्यत बसली."

"मग? काय लिहिलेत?"

"म्हनलं, धूर तं निंगून राह्यला. धूर हाय म्हन्जे आतमंदी कोनी तरी असनच, नाव नसन सांगत. कंपाऊंड लिहून टाकलं."

 धुरावरून अग्नीचे अनुमान, हे न्यायशास्त्रातले उदाहरण शास्त्रीबुवांनी तरुणपणी गुरूंपाशी बसून घोकले होते. त्याने कुणाचे इंग्रजी तारल्याचे मात्र ते प्रथमच ऐकत होते. "बरोबर आहे," ते सावकाश म्हणाले. "तो कर्ता अध्याहृत असतो. म्हणजे असतोच, फक्त उच्चारलेला नसतो."

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत शंभरापैकी अडतीस. बिजलीबाई उत्तीर्ण झाल्या.

सोनीबाईंनी गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली. आनंद तोंडावर दिसू द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. "अडतीस? अन् बाकीचे बासट कुठी हायत?"

"आहेत, सोनीबाई," शास्त्रीबुवा गंभीरपणे म्हणाले. "अध्याहृत आहेत."