हमखास गडद

आमच्या प्रयोगशाळेत तोंडाच्या कॅन्सरचा अभ्यास चालतो. गाठीच्या तुकड्यात एक ठरावीक एन्झाइम किती आहे, ते रंगवून बघायचं. रंग जितका गडद, तितका आजार उलटण्याचा धोका जास्त, असं आजवर दिसलंय. रंगवणारी मी. रोजच्या स्लाइडींबरोबर हमखास गडद येणारा एक तुकडाही रंगवावा लागतो. तो गडद आला, की रंगाने दगा दिला नाही हे कळतं. त्यासाठी सरांनी निवडलेला तुकडा माझ्या जिभेचा आहे.

सरांना हे माहीत नाही. तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो आणि त्यावर नुसता क्रमांक असतो. पण माझ्या ऑपरेशनच्या दिवशी, काढलेल्या तुकड्याच्या कडांना खुणेसाठी लावायची काळी शाई संपली म्हणून इथल्याच मैत्रिणींनी हिरवी लावली होती. त्यांनीच मला नंतर हसत सांगितलं. हिरव्या कडेचा तुकडा सगळ्या कपाटात एकच.

मग बोलायचं ना? बोलले, तर सर मला रजेवर धाडणार आणि घरी कारण सांगावं लागणार. नवरा सध्या खुशीत आहे. "सगळं काढलंय म्हणाले ना डॉक्टर? मग झालं तर!" अर्धी जीभ गेली तरी तोंडाचा पट्टा तसाच, म्हणून चिडवतो. त्याच्या आनंदावर विरजण घालायला माझं मन धजत नाही. म्हणून रोज मी माझाच पापुद्रा काढते, रंगवते, आणि सर मायक्रोस्कोपला डोळे लावून म्हणतात, "वा! काय सुरेख आलाय!" अशी चीड येते! तरी "हो सर" म्हणते.

आज आंघोळ करताना मानेत गाठ हाताला लागली. वाटाण्याएवढी, टणक. दुखत नाही, हेच वाईट. बाहेरून नवरा ओरडला, "अगं, झोपलीस का आत?" मी म्हटलं, "आलेच." आणि सरळ कामावर आले. दुसरीकडे जाणार कुठे?

दुपारी सरांनी ठोकळा उजेडात धरला. "बाई, हा संपत आला की. असा दुसरा कुठून आणायचा?"

"याच पेशंटचा मिळेल, सर," मी म्हणाले आणि कॉलर खाली ओढली.

सर स्टुलावर बसले. ठोकळा त्यांच्या हातातच राहिला.

"घरी माहीत आहे?"

"नाही. सर, मला फार भीती वाटतेय."