पेज संपेपर्यंत

उल्हास करंदीकरांनी मंडळाच्या ग्रुपवर 'रविवारी दुपारी सामुराईचा सिनेमा' एवढंच टाकलं, आणि लंडनच्या ईलिंगमधला तो चर्चमागचा हॉल असा भरला की दोघं पियानोवर बसले आणि तिसरा पियानोत. मराठी माणसं वेळेवर आली, यावरून काय ते समजा.

पण हा सामुराई अगदीच खालच्या पायरीचा निघाला. दिवसभर गोदामात पोत्यांवर शिक्के मारायचे, ढोल वाजला की घर गाठायचं, अंथरुणाला खिळलेल्या आईला पेज भरवायची. तास उलटला तरी तलवार खुंटीवरच.

लोक चुळबुळत होते. उल्हास मात्र पडद्यावरून नजर काढत नव्हते. कौन्सिलच्या पार्किंग परमिटच्या काउंटरवर एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पाचला निघायचं, घरी आजारी बायकोला, अर्चनाला, भरवायचं. प्रमोशन तीनदा चालून आलं, तिन्ही वेळा नको म्हणाले. मंडळात त्यांचं नावच 'परमिटवाले' पडलं. म्हणून हा सिनेमा त्यांना मध्ये न तोडता दाखवायचा होता. त्यात इंटरव्हल नव्हतं, आणि ते घालणार नव्हते.

अध्यक्ष मोहनराव अंधारात चाचपडत लॅपटॉपपाशी आले. "उल्हास, इंटरव्हल कर. वडे गार होतायत."

"होऊ देत."

"अरे, तुझा हिरो तलवार कधी काढणार?"

"आधी पेज भरवून होऊ दे."

मोहनरावांनी हात पुढे केला. उल्हासांनी लॅपटॉप तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेतला. "एकतीस वर्षं प्रत्येकाला 'येस सर' म्हणालो, मोहनराव. आज नाही."

"मी अध्यक्ष आहे."

"आहात ना. मग बसा."

पडद्यावर घोडेस्वार आला. सरदारांनी बोलावलंय, आत्ताच्या आत्ता. सामुराईने वळूनही पाहिलं नाही. "आईचं जेवण झालं की येतो," म्हणाला, आणि पुढचा चमचा भरला.

हॉल असा चिडीचूप झाला की हीथ्रोला उतरणारी विमानंसुद्धा म्हणे वरच थांबली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वडेवाल्या सुलक्षणाताईंनी झारा बाहेर काढला. "मोहनराव, तुमच्या डोक्याची सावली म्हातारीच्या तोंडावर पडतेय. बसा खाली. तिची पेज संपल्याशिवाय वडा बाहेर येणार नाही."

मोहनराव बसले.

तलवार शेवटपर्यंत निघाली नाही. मग काळ्या पडद्यावर जपानी नावं सरकू लागली.

"आता तरी वडे?" मोहनराव कुजबुजले.

"नावं चाललीयत," उल्हास म्हणाले. कुणीच उठलं नाही, पियानोतलासुद्धा.